शिक्षण आणि शील



जुन्नर-आंबेगावातून आपली मुले शिकावयास पुण्यास जातात. म्हणून पुण्यात घडलेली ही हकिकत प्रत्येक घराने समजून घ्यावी.

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शहा हे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. हाती कुंचला धरणाऱ्या या तरुणांनी पैशाच्या लोभाने जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी. नंतर जोशी कुटुंबातील तिघे, अभ्यंकरांच्या घरातील पाच जण आणि शेवटी आणखी एक तरुण. २८ सप्टेंबर १९७८ रोजी न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा तुरुंगात ती दिली गेली.

लोभातून चोरी आली आणि चोरी लपविण्यासाठी हत्या. एक शील मोडले की दुसरे टिकत नाही. विद्येला शीलाची जोड नसेल तर ती घातक ठरते, हे बाबासाहेबांनी वारंवार बजावले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. पहिला खून ठाऊक असलेला एक विद्यार्थी पुढे माफीचा साक्षीदार झाला. तो वेळीच बोलता, तर उरलेले नऊ जीव कदाचित वाचले असते. हिंसा न करणे हे शील खरेच. पण दिसलेली हिंसा न लपविणे हेही शीलच आहे.

मुलगा सुट्टीत घरी आला की गुणांबरोबर त्याच्या मित्रांचीही चौकशी करा. वाईट दिसले तर निर्भयपणे सांगता येईल, एवढा विश्वास त्याला घरात मिळू द्या.