निद्राश्वासरोध व घरगुती सी-पॅप : वैद्याचे कर्तव्य

माधवनिदानातील मेदोरोगाच्या लक्षणांत निद्राधिक्यासोबत ‘क्रथन’, म्हणजे अकस्मात होणारा श्वासावरोध, सांगितला आहे. अवरोधजन्य निद्राश्वासरोधाशी त्याचे साधर्म्य स्पष्ट आहे. निद्रेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली सी-पॅप पद्धती हवेच्या सततच्या दाबाने तो उघडा ठेवते.

निद्रापरीक्षणात तासाला ३० किंवा अधिक अवरोध आढळल्यास व्याधी तीव्र समजतात. यंत्राचा दाब तज्ज्ञानेच ठरवावा. घरी यंत्र बिछान्यापेक्षा खालच्या पातळीवर, स्थिर जागी ठेवावे. आर्द्रतापात्रात डिस्टिल्ड वॉटर भरून ते रोज बदलावे. मास्क आडवे होऊन बसवावा. पट्टे फार आवळू नयेत. प्रारंभी दिवसा, जागेपणी थोडा वेळ लावल्यास सवय होते. मास्क रोज सौम्य साबणाने धुवावा.

आपल्या चिकित्सेत तीन गोष्टी आम्ही आवर्जून सांगतो. स्नेहनस्य सकाळी द्यावे. तेलकट चेहऱ्यावर मास्क घट्ट बसत नाही. रात्री आसवारिष्टे टाळावीत; त्यांतील मद्यांश स्नायू अधिक शिथिल करतो. निद्राजनन औषधे तज्ज्ञाशी विचारविनिमय न करता देऊ नयेत. औषधविक्रेत्यांनीही ही पृच्छा करावी.

लंघन व व्यायामाने वजन घटले, घोरणे थांबले, तरी पुनर्परीक्षणाविना यंत्र बंद करवू नये. रुग्ण वाहनचालक असेल, तर दिवसाची एक डुलकीही इतरांच्या जिवावर बेतते.