पेशींचे आयुष्य आणि परत आलेला निबंध

छापलेले ते सारे खरे, असे आपण पुष्कळदा धरून चालतो. विज्ञानात मात्र छापलेली गोष्टही पुन्हा पडताळून पाहावी लागते. वार्धक्याच्या संशोधनातले हे एक उदाहरण पाहा.

१९१२ साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा बारीकसा तुकडा पोषक द्रवात वाढत ठेवला. त्यातील पेशींचे विभाजन वर्षानुवर्षे चालूच असल्याचे निबंध प्रसिद्ध होत गेले. कॅरेल १९४४ मध्ये वारले. हे संवर्धन १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, चालले! यावरून पेशी अमर आहेत, म्हातारे होते ते शरीर, असे ठरून गेले. कॅरेल नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यामुळे इतरांच्या पात्रातील पेशी मेल्या, की ‘आपलेच काही चुकले’ असे ते समजत.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील लेनर्ड हेफ्लिक यांच्या पात्रांतही तेच घडले. पात्र पेशींनी भरले, की त्या दोन पात्रांत वाटायच्या. ही झाली एक दुपटी. मानवी गर्भाच्या पेशी सुमारे ५० दुपटींनंतर थांबत. दोष द्रवाचा असेल काय? की एखाद्या विषाणूचा?

हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी एक साधी युक्ती केली. सुमारे ४० दुपटी झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच दुपटी झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच पात्रात मिसळल्या. गुणसूत्रांवरून दोन्ही ओळखता येतात. द्रवात दोष असता, तर दोन्ही एकदमच थांबल्या असत्या. पण काही काळाने पात्रात उरल्या त्या फक्त स्त्रीच्या पेशी! म्हणजे दुपटींचा हिशेब पेशीच्या आतच होता.

हा निबंध त्यांनी ज्या नियतकालिकाकडे पाठवला, त्यातच १९१२ मध्ये कॅरेल यांचा निबंध आला होता. तेथून तो परत आला. अखेर १९६१ मध्ये ‘एक्स्पेरिमेंटल सेल रिसर्च’ या नियतकालिकाने तो छापला. पुढे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत तोच निष्कर्ष मिळाला. कॅरेल यांचा प्रयोग मात्र कोणालाही पुन्हा साधला नाही. खाद्य म्हणून घातलेल्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात, असा एक तर्क आहे.

हा हिशेब ठेवतो कोण? गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ म्हणतात. दर विभाजनागणिक ती थोडी आखूड होतात. हा अंदाज रशियन शास्त्रज्ञ ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये मांडला. टेलोमिअरवरील कार्यासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात, माणूस म्हातारा होण्याचे हे एकच कारण नव्हे.

आता एक गणित करा. एका पेशीच्या ५० दुपटी झाल्या, तर किती पेशी होतील? १० दुपटींत १,०२४. मग ५० दुपटींत? उत्तर एकावर १५ शून्यांहूनही मोठे येईल. आणि एक प्रश्न शिक्षकांबरोबर चर्चेला घ्या : पुस्तकातील उत्तर आणि तुमच्या प्रयोगाचे उत्तर जुळले नाही, तर चूक कोणाची, हे कसे ठरवाल?