मेंदूतील गाठ आणि घराघरांतला एक विषाणू



'मेंदूचा कॅन्सर विषाणूमुळे होतो' असा मजकूर मोबाईलवर फिरू लागला की वस्तीतल्या बाया घाबरून विचारतात, "ताई, हा रोग उडून लागतो का?" उत्तर आधीच सांगते: मेंदूतील गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचे ताट-पांघरूण वेगळे करू नका. पण विषाणूची गोष्ट निव्वळ अफवाही नाही. म्हणून ती नीट समजून घेऊ.

हा विषाणू कोणता?
नाव सायटोमेगॅलो विषाणू, थोडक्यात सीएमव्ही. कांजिण्या आणि नागीण देणाऱ्या विषाणूच्याच कुळातला. लाळ, लघवी, आईचे दूध, शरीरसंबंध, रक्त यांतून पसरतो. भारतात बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि कळतही नाही. मात्र एकदा शिरला की जन्मभर पेशींत दडून राहतो. आपल्या रक्तातल्या टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. तोही चतुर आहे. आजारी पेशी आतल्या शत्रूची खूण बाहेर दाखवते, ती खूण तो लपवतो. शिवाय प्रतिकारशक्तीला शांत करणाऱ्या शरीरातल्या एका प्रथिनाची नक्कल तयार करतो.

गाठीशी संबंध काय?
ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूची अतिशय घातक, पण विरळा आढळणारी गाठ. 2002 मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स कॉब्ज आणि सहकाऱ्यांनी अशा गाठींमध्ये सीएमव्हीच्या खुणा सापडल्याचे मांडले. पुढे काही प्रयोगशाळांना तो सापडला, काहींना मुळीच सापडला नाही. आज शास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. विषाणू गाठ निर्माण करतो असे सिद्ध झालेले नाही. तो असलाच, तर गाठीभोवतीची प्रतिकारशक्ती मंदावून तिला वाढायला मदत करत असेल, अशी एक शक्यता मांडली जाते.

साधा विचार करा. विषाणू बहुसंख्य लोकांत आणि ही गाठ लाखात काही जणांना. म्हणजे एकटा विषाणू कारण असू शकत नाही.

स्वीडनमध्ये 42 रुग्णांवर विषाणूविरोधी गोळ्यांची चाचणी झाली. सहा महिन्यांनी गाठीच्या आकारात ठोस फरक दिसला नाही. या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. तेव्हा कोणी "विषाणू मारतो, कॅन्सर जाईल" म्हणून महागडी औषधे विकत असेल, तर दागिने गहाण टाकू नका. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने अचानक बंद करू नका. या उपचारांत प्रतिकारशक्ती घटते आणि दडलेला विषाणू डोके वर काढू शकतो. ताप, वाढती गुंगी दिसली तर लगेच दवाखान्यात कळवा.

केव्हा सावध व्हावे?
प्रत्येक डोकेदुखी गाठ नसते. पण पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, मोठ्या वयात प्रथमच आलेली फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसणे कमी होणे, स्वभाव अचानक बदलणे, ही लक्षणे अंगावर काढू नका.

फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. माणसाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात न्या. ही बाहेरची बाधा नव्हे. आपल्याकडे फिटमागे पुष्कळदा जंतांच्या अळीची किंवा टीबीची गाठ निघते आणि ती औषधांनी बरी होऊ शकते. देवऋषाकडे घालवलेले आठवडे हीच संधी हिरावून घेतात. सरकारी रुग्णालयात स्कॅनसाठी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

गरोदर भगिनींसाठी
सीएमव्हीचा खरा, सिद्ध धोका पोटातल्या बाळाला आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना असतो. बाळाला जन्मतः बहिरेपण येऊ शकते. लहान मुलाची लंगोटी बदलल्यावर, शेंबूड-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवा. त्याचा उष्टा घास खाऊ नका. अंगावरचे दूध मात्र बंद करू नका.

ऐकीव आहे, जुने आहे, मोठ्याने सांगितले आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. मोबाईलवरच्या बातमीलाही आणि अंगाऱ्यालाही तोच नियम लावा. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर ही लक्षणे मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंतही ती पोचली पाहिजेत.

नमो बुद्धाय!