आमवात : मोजमापाचे महत्त्व

आमवात अर्थात रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्यांचे अस्तर सुजते आणि उपचारांस विलंब झाल्यास हाडे झिजून बोटे कायमची वाकडी होतात.

केवळ दुखण्याच्या तक्रारीवरून रोगाचा जोर कळत नाही. म्हणून तज्ज्ञ सुजलेले व दुखरे सांधे मोजतात, रक्ताचा ईएसआर तपासतात, रुग्णाचे स्वतःचे मत विचारतात आणि या साऱ्यांवरून एक अंक काढतात.

या मोजणीचे मोल स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. एका गटाची दरमहा तपासणी करून अंक चढा राहिल्यास उपचार वाढविण्यात आले. दुसऱ्या गटावर नेहमीच्या पद्धतीने उपचार झाले. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील ६५ टक्के, तर दुसऱ्यातील अवघ्या १६ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. औषधे दोन्हीकडे प्रचलितच होती; अंतर पडले ते नियमित मोजणीमुळे व तत्पर निर्णयामुळे.

सकाळी तासाहून अधिक काळ सांधे आखडत असतील, बोटांचे सांधे सुजत असतील, तर ते वयोमानाचे दुखणे समजून अंगावर काढू नये. तज्ज्ञांकडून वेळीच तपासणी करून घ्यावी आणि बरे वाटू लागले तरी पुढील तपासण्या चुकवू नयेत.