केळीच्या शेताचें दप्तर

सात-बाराचा उतारा पाहतांच जमीन कोणाची व तींत पीक कोणतें, हें परक्या माणसासही समजतें. फळांच्या शेताची हल्लीं जी तपासणी होते, तीही बऱ्याच अंशीं अशाच लेखी पुराव्यावर चालते. जळगांवच्या केळ्यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, व २०२१ सालीं रावेर तालुक्यांतील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांचीं २२ टन केळीं दुबईस गेलीं. परंतु मानांकनानें माल कोठला तें ठरतें. तो खाण्यास निर्धोक आहे, हें दाखविण्याची जबाबदारी पिकविणाराचीच राहते.

ही जबाबदारी किती जड असते, तें द्राक्षबागाईतदारांनीं २०१० सालीं अनुभविलें. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपांतील मर्यादेहून अधिक आढळले व आपल्याकडील द्राक्षांचे कंटेनर तेथें अडकले. बंदरावर पोंचलेल्या फळांतून औषध काढतां येत नाहीं. उपाय शेतांतच करावा लागतो. त्यासाठीं पुढील गोष्टी पाळाव्या:

(१) फवारणीची तारीख, गट नंबर, औषधाचें नांव, मात्रा व फवारणाऱ्याचें नांव त्याच दिवशीं वहींत लिहावें. फवारणीनंतर जितके दिवस कापणी करूं नये असें डब्यावर छापलेलें असेल, तितके दिवस जाऊं द्यावे.

(२) फण्या धुण्याचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें व हौदांतील पाणी वरचेवर बदलावें. मळक्या पाण्यांतून एका घडावरील जंतु सर्व मालास लागतात.

(३) मजुरांसाठीं शौचाची व साबणानें हात धुण्याची सोय जवळच असावी.

(४) कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकवूं नये. त्यांत सोमल व फॉस्फरस यांचे अंश असूं शकतात व त्यास कायद्यानें मनाई आहे. इथिलीन वायूस हवेच्या दहा लक्ष भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे.

ग्लोबलगॅप प्रमाणपत्रासाठीं दरवर्षीं तपासणी होते. मुख्य अटी झाडून सर्व व दुय्यम अटींपैकीं शेंकडा ९५ पाळाव्या लागतात. लहान शेतकऱ्यांस संघ करून एकत्र प्रमाणपत्र घेतां येतें. मग प्रत्येक सभासदाचें शेत संघानें स्वतः तपासावयाचें असतें. बाहेरचा तपासनीस सभासदसंख्येच्या वर्गमूळाइतकीं, म्हणजे १०० सभासदांमागें निदान १० शेतें पाहतो. तेथील हयगय संघाच्या व्यवस्थेचा दोष ठरल्यास सर्वांचेंच प्रमाणपत्र तहकूब होऊं शकतें.

म्हणून आपसांतील तपासणी भीड न धरतां करावी. दुकानाची पावती, वहींतील मात्रा व कोठींतील शिल्लक यांचा मेळ बसला पाहिजे. एका बैठकींत भरलेली वही शाईवरून व अक्षरावरून सहज ओळखूं येते. ज्यांनीं अद्याप वही घातलेली नाहीं, त्यांनीं येत्या फवारणीपासून ती सुरू करावी.