पुढच्या रविवारी नक्की!

आजचं वाचन : याकोब ४:१३-१७
सोबत वाचा : स्तोत्रसंहिता ९० आणि उत्पत्ती ४:१-१०



आजचं मनन लिहायचं मी दोन आठवडे टाळत होतो. कारण ते मला माझ्याबद्दल लिहावं लागणार होतं.

आमच्या मंडळीत एक मावशी होत्या. नाशिकरोडला एकट्याच राहायच्या, मुलगा परदेशात. दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या दारात माझा हात धरून म्हणायच्या, "बाळा, एकदा घरी ये ना रे. तो व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते दाखव. लेकाचा आवाज येतो, पण चेहरा दिसत नाही." मी म्हणायचो, "हो मावशी, पुढच्या रविवारी नक्की!" असे तीन महिने गेले. काम जेमतेम दहा मिनिटांचं होतं. मी बिझी होतो असंही नाही. फक्त ते काम उद्यावर ढकलणं सोपं होतं.

मग एका गुरुवारी सकाळी यूथच्या ग्रुपवर मेसेज आला, मावशी झोपेतच प्रभूघरी गेल्या.

मुलाला वेळेवर पोहोचणं शक्य नव्हतं. दफनभूमीत कुणीतरी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन धरायला माझ्या हातात दिला. मी तो शेवटपर्यंत धरून उभा होतो. मावशींना जो कॉल हवा होता, तो असा लागला.

त्या दिवसापासून याकोबाच्या पत्रातला हा उतारा माझा पाठलाग करतोय. आज तो आपण सोबत वाचू या.

व्यापाऱ्यांची योजना

याकोब काही व्यापाऱ्यांचं बोलणं आपल्यासमोर मांडतो. त्यांच्या एका वाक्यात किती गोष्टी ठरल्या आहेत बघा. कधी निघायचं ते ठरलंय, कोणत्या शहरात जायचं ते ठरलंय, तिथे किती दिवस राहायचं, काय करायचं आणि शेवटी काय हाती लागणार हेसुद्धा ठरलंय. आपण कॅलेंडर ॲपमध्ये जसं भरतो, अगदी तसंच. याकोब त्यांना एवढंच विचारतो की बाबांनो, वर्षाचं राहू द्या, उद्याचं तरी तुम्हाला माहीत आहे का?

इथे गैरसमज नको. योजना करणं पाप आहे असं याकोब म्हणत नाही. नीतिसूत्रांच्या ६व्या अध्यायात तर आळशी माणसाला मुंगीकडे जाऊन शिकायला सांगितलंय, आणि मुंगी पुढची सोय करूनच ठेवते. त्यामुळे एसआयपी भरा, परीक्षेची तयारी करा, लग्नाचा हॉल बुक करा. याकोबाचा आक्षेप त्या बोलण्यातल्या फुशारकीवर आहे, म्हणजे उद्याचा दिवस जणू माझ्या खिशातच आहे या समजुतीवर.

वाफ

१४व्या वचनात याकोब जीवनाला वाफेची उपमा देतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'आत्मिस'. नव्या करारात तो फक्त दोन वेळा येतो, एकदा इथे आणि एकदा प्रेषितांची कृत्ये २:१९ मध्ये, धुराच्या संदर्भात. वाफ, धूर, धुकं, सगळ्यांचा स्वभाव एकच. दिसतं तर खरं, पण मुठीत येत नाही.

नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. डिसेंबरात पहाटे सोमेश्वरच्या बाजूला गेलात तर गोदावरीवर एवढं धुकं असतं की पलीकडचा काठ दिसत नाही. आपण गाडी थांबवून फोटो काढतो. ऊन वर आलं की त्याच जागी काहीच नसतं. धुकं होतं हे आपल्या फोनमधल्या फोटोवरूनच कळतं.

आणि या शहराने एक वेगळी वाफही पाहिली आहे. २१ एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पांढरी वाफ सगळ्या आवारात पसरली. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. आत व्हेंटिलेटरवर आणि ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचा पुरवठा खंडित झाला. २०हून अधिक माणसं गेली. त्या दिवशी सकाळी कित्येक घरांत "बाबा बरे होऊन घरी आले की..." अशी वाक्यं बोलली गेली असतील. त्या दुःखावर मी इथे प्रवचन देणार नाही. एवढंच म्हणेन की जीवन म्हणजे वाफ, हे आपल्यासाठी केवळ पुस्तकातलं वाक्य उरलेलं नाही.

हाबेलचं नाव

आता थोडं मागे, जुन्या करारात जाऊ या. उपदेशकाच्या पुस्तकात एक शब्द तीसपेक्षा जास्त वेळा येतो. मराठीत आपण तो 'व्यर्थ' असा वाचतो. मूळ इब्री शब्द आहे 'हेवेल', आणि त्याचा साधा अर्थ श्वास, फुंकर, वाफ असा आहे. थंडीत तोंडातून निघते ना, तशी.

आता उत्पत्तीचा ४था अध्याय उघडा. आदाम आणि हव्वेच्या दुसऱ्या मुलाचं नाव काय? हाबेल. इब्रीत तोच शब्द, 'हेवेल'. पवित्र शास्त्रात मरण पावलेला पहिला माणूस हाबेल, आणि त्याच्या नावातच वाफ आहे.

पण पुढे वाचा. देव काइनाला काय विचारतो? तुझा भाऊ कुठे आहे? वाफेसारखा निघून गेलेला तो तरुण देवाच्या हिशोबातून सुटला नाही. त्याचं रक्त जमिनीतून देवाला हाक मारत होतं आणि देवाने ती हाक ऐकली. क्षणभंगुर म्हणजे बिनकिमतीचं, असं आपलं गणित असतं. देवाचं गणित तसं नाही. जे लवकर विरून जाणार आहे, त्याच्याबद्दल तो आधी विचारतो, "कुठे आहे?"

हे वाचताना मला चर्चचं दार आठवलं. आजवर मी हा उतारा नेहमी स्वतःपुरता वाचत आलो. *माझं* आयुष्य वाफ आहे, *माझ्या* योजना अनिश्चित आहेत. पण वाफ मी एकटाच नाही. माझा हात धरून उभी असलेली मावशीही वाफच होती. पुढचा रविवार माझ्या हातात नव्हता, आणि तिच्याही.

'म्हणून' हा शब्द

१७वं वचन अनेकांना इथे उगीच चिकटवल्यासारखं वाटतं. वर चाललंय व्यापार आणि उद्याचं, आणि अचानक याकोब म्हणतो की चांगलं काय ते कळत असूनही जो करत नाही, त्याच्यासाठी ते पाप आहे. याचा वरच्या बोलण्याशी काय संबंध?

ग्रीकमध्ये या वचनात 'म्हणून' असा अर्थ देणारा छोटासा शब्द आहे, 'ऊन'. सगळा जोड तोच देतो. जीवन वाफ आहे, *म्हणून* जे चांगलं तुला आज कळलंय ते आज कर. क्षणभंगुरतेतून याकोब 'मग काय उपयोग?' इथे येत नाही. 'मजा करून घ्या' इथेही येत नाही. तो येतो समोरच्या माणसाच्या गरजेपाशी.

आणि एक गंमत. १५व्या वचनातलं 'देवाची मर्जी असेल तर' हे बोलणं आपण किती वाकडं वापरतो! मंडळीत कुणी म्हणालं, "प्रभूची इच्छा असेल तर येईन हं," की आपल्याला कळतं, हा काही येत नाही. याकोबाने जे नम्रतेसाठी शिकवलं, ते आपण टाळाटाळीसाठी वापरतो. देवाची मर्जी काय आहे हे मला तीन महिने माहीत होतं. ती दर रविवारी माझा हात धरून सांगत होती.

शरणपूरचा याकोब

पत्र लिहिणाऱ्या याकोबाबरोबर आज मला आणखी एका याकोबाची आठवण होते. तो आपल्या नाशिकचा.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. शोरूम, क्लासेस, सिग्नल. पण १९व्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव होतं. शरण आलेल्यांचं पूर. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही तिथे आसरा मिळत होता. ती मुलं शाळेत शिकायची, सुतारकाम, लोहारकाम अशी कामं शिकायची. त्यांतलाच एक जेकब वेनराइट, म्हणजे याकोब.

१८७२ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला आफ्रिकेच्या आतल्या भागात जी माणसं पाठवली गेली, त्यांत शरणपूरला शिकलेले काही तरुण होते. जेकब त्यांच्यापैकी एक. लिव्हिंगस्टन यांची योजना मोठी होती. नाईल नदीचा उगम शोधायचा. ज्या लुआलाबा नदीवर त्यांनी आशा ठेवली होती, ती नाईलची नसून काँगोची निघाली, पण हे कळायला ते राहिले नाहीत. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, ते बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. आयुष्यभराची योजना अशी अर्ध्यावर राहिली.

आता सोबतच्यांनी काय करावं? पगार देणारा गेला होता. तिथेच पुरून घरी निघाले असते तर कुणी दोष दिला नसता. पण चुमा आणि सुसी यांच्या पुढाकाराने त्यांनी ठरवलं की यांना यांच्या माणसांकडे पोहोचवायचं. हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. दफनविधीची प्रार्थना वाचली शरणपूरच्या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग मृतदेह खांद्यावर घेऊन ते हजारेक मैल चालले. वाटेत काही जण मरण पावले. भेटलेल्या इंग्रजांनी इथेच पुरा असा सल्ला दिला, तरी ते थांबले नाहीत. १८७४च्या फेब्रुवारीत ते समुद्रकिनाऱ्यावर पोहोचले. जेकब पुढे इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ज्यांनी त्या शवपेटीला साथ दिली, त्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता.

नाव कोरलेलं ते झाडही पुढे उरलं नाही. झाडही शेवटी वाफच. पण त्या वर्षी, त्या जंगलात, जे चांगलं समोर होतं ते त्यांनी त्याच दिवशी हाती घेतलं. नाईलचा उगम सापडला नाही. प्रेम मात्र पोहोचलं.

आशा कुठे आहे?

इथेच थांबलो तर हे मनन आपल्या छातीवर दगड ठेवून जाईल. मावशींच्या बाबतीत मला 'आज' परत मिळणार नाही. तुमच्यापैकी कुणाच्या मनातही असा एखादा न केलेला फोन असेल.

म्हणून ही शेवटची गोष्ट. परंपरेनुसार हे पत्र लिहिणारा याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ. आपल्या भावाचं जीवन माणसांनी कसं विझवलं हे त्याला ठाऊक होतं. पण १ करिंथ १५:७ सांगतं की पुनरुत्थित ख्रिस्त याकोबाला दिसला. म्हणजे 'तुम्ही वाफ आहात' असं लिहिणाऱ्या माणसाने मेलेला भाऊ जिवंत पाहिला होता! त्यामुळे त्याच्या शब्दांत कडकपणा आहे, निराशा नाही. देवाचा पुत्र स्वतः आपल्यासारखा श्वास घेणारा माणूस झाला, लाजराच्या कबरेपाशी रडला, वधस्तंभावर त्याचा श्वास थांबला, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. जे आपल्याला मुठीत धरता येत नाही, ते त्याच्या हातात आहे. मावशीही त्याच्या हातात आहेत. आणि माझी चूकही मी त्याच्याच पायाशी ठेवली आहे.

त्यांच्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या गल्लीत अजून दोघी-तिघी आहेत, आईच्या मैत्रिणी. त्यांना शिकवशील का?" गेल्या शनिवारी जाऊन आलो. एका आजींनी कॅमेरा उलटा धरला होता. नातवाला अर्धा तास छतावरचा पंखा दिसत होता, आणि दोघंही खूश होते.

आज करून पाहा

१. शांत बसा आणि प्रभूला विचारा, मी कुणाला 'पुढच्या रविवारी' म्हणत आलोय? जे पहिलं नाव येईल ते लिहून ठेवा.
२. आज झोपायच्या आत त्या माणसासाठी एक छोटी गोष्ट करा. फोन, भेट, माफी, उसने घेतलेले पैसे परत, काहीही.
३. ते माणूस आता या जगात नसेल, तर स्वतःला मारत बसू नका. प्रभूजवळ मन मोकळं करा, क्षमा घ्या, आणि तेच चांगलं आज दुसऱ्या कुणासाठी करा.

प्रार्थना

प्रभू येशू, माझा श्वास तू दिलेला आहे आणि तो किती दिवस चालेल हे तुलाच माहीत. उद्याची फुशारकी मारल्याबद्दल मला क्षमा कर. जी माणसं तू माझ्यासमोर ठेवली आहेत, ती माझ्याजवळ थोडाच वेळ आहेत याची मला आठवण दे. जे चांगलं मला कळतं ते आजच करायला बळ दे. ज्यांना मी उशीर केला, त्यांना तू तुझ्या कुशीत ठेव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.