आधी झाडं, मग भाजी

मनू, रोपवाटिकेत जायच्या आधी माझं थोडं ऐकून घे. सोलापूर रस्त्याला हडपसर सोडलं की रोपवाटिका सुरू होतात आणि प्रत्येकीच्या दारात नेमकं तेच मांडलेलं असतं, जे बघून बाई भुलावी. कुंडीतच फळं धरलेला चिकू, ड्रॅगनफ्रूट, टांगत्या कुंडीतली स्ट्रॉबेरी. तू रविवारी जाशील, गाडीची डिकी भरून आणशील, सुहासरावांना खड्डे खणायला लावशील आणि मे महिन्यात टँकरची वाट बघत त्या स्ट्रॉबेरीला रडत बसशील. म्हणून म्हणते, थांब जरा.

तुमच्या रो हाउसच्या मागे जी दोन खोल्यांएवढी जागा आहे, तिच्यात काय लावायचं हे नंतर बघू. आधी ती खण. खरंच खण, फूट-दीड फूट. नव्या वसाहतींमध्ये बहुतेक ठिकाणी माती नसतेच, भराव असतो. विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटचा पांढरा गाळ आणि वर शोभेपुरती चार इंच लाल माती, तिच्यावर लॉन. या भरावात लिंबू लावलं की वर्षभरात त्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात रोग पडला. रोग कसला, चुनखडीमुळे झाडाला लोह उचलता येत नाही. औषधं मारून काही होत नाही. राडारोडा उपसायचा, दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा घ्यायचा आणि त्यात चांगली माती, शेणखत आणि पालापाचोळा भरायचा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढचं काहीच जमत नाही.

मूळची माती मात्र इथली वाईट नाही बरं का. मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून हडपसरवरून पुढे जातो, आणि त्या पाण्यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या ऊस आणि भाजीपाला पिकला. मगरपट्टा सिटी उभी आहे ती जमीन शेताचीच, तिथल्या शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन नगर वसवलं. शेजारच्या मांजरीच्या नावावर वांग्याचं वाण आहे, मांजरी गोटा: गोल, जांभळट अंगावर पांढरे पट्टे, देठाला काटे. फुरसुंगीच्या नावाने कांद्याचं बी विकलं जातं. आणि सासवडच्या रस्त्याने दिवे घाट चढून गेलीस की पुरंदर, तिथलं अंजीर आणि सीताफळ तुला मी सांगायला नको. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुझ्या घरापासून तासाभराच्या आत इतकं पिकतं. मग अवोकाडो कशाला गं शोधतेस?

माझं एकच म्हणणं आहे. आधी झाडं, मग भाजी. सगळेजण उलट करतात. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर यांच्यामागे लागतात. ही सगळी लाडावलेली पोरं. रोज पाणी, दर आठवड्याला कीड, तीन महिन्यांत खेळ खलास आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीत चार दिवस सोलापूरला जाऊन आलीस की सगळं वाळलेलं. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, केळ, अळू, गवती चहा यांचं तसं नाही. एकदा धरली की वर्षानुवर्षं देतात, आणि त्यांच्या सावलीत, त्यांच्याच पानांच्या खतावर नाजूक भाज्या सुखाने येतात. कोकणातली वाडी आठव. वर माड, मध्ये सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, खाली केळी आणि हळद. हल्ली ज्याला फूड फॉरेस्ट म्हणतात ते हेच. इंग्लंडात रॉबर्ट हार्ट नावाच्या माणसाने अशा बागेचे सात थर मांडून दाखवले आणि जगभर त्याचं नाव झालं. आपल्या आजीला ते मांडावं लागलं नाही इतकंच.

पण कोकणची वाडी उचलून हडपसरला आणता येत नाही. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, आणि आपण तर शहराच्या पूर्वेच्या कोरड्या अंगाला. माड जगेल, पण तुझं पाणी पिऊन जगेल. आपले थर आपल्या हवेचे हवेत. पश्चिमेच्या कडेला शेवगा, कारण त्याची सावली विरळ आणि दुपारचं भाजणारं ऊन तो चाळून देतो. बाकीची उंच झाडं उत्तरेच्या कुंपणाला, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेलं ऊन बुटक्यांना मिळतं. मध्ये लिंबू, सीताफळ, कढीपत्ता. मोरीचं किंवा ओट्याचं पाणी जिथे पडतं तिथे केळ आणि अळू. झाडांच्या बुडाशी हळद आणि आलं, त्यांना अर्धी सावलीच आवडते. जिन्याच्या कठड्यावर मायाळूचा वेल. कुंपणाला ड्युरांटाऐवजी करवंद, काटे आहेत म्हणून चोर नाही येत आणि लोणचं होतं ते वेगळं.

शेवग्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्याच्यावरूनच शेजाऱ्यांशी भांडणं होतात. पीकेएम-१ किंवा कोकण रुचिरा घे. पीकेएम-१ तर बी लावल्यापासून वर्षाच्या आत शेंगा देतो. पण त्याला मोकळा सोडू नकोस. तीन-साडेतीन फुटांवर शेंडा खुडायचा, फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. नाही खुडलेस तर तो दुसऱ्या मजल्यावर जातो, शेंगा तिथे लागतात जिथे तुझा हात पोचत नाही, आणि वळवाच्या वाऱ्यात कडकन मोडून शेजारच्या गाडीवर पडतो. लाकूड फार ठिसूळ त्याचं. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचा थवा बसतो, अंगाला लागल्या की खाज सुटते. सकाळी सगळ्या एकाच जागी गोळा झालेल्या असतात, तेव्हाच त्यांचा निकाल लावायचा. काठीला चिंधी गुंडाळून साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडून टाकल्या की झालं. आणि पहिल्या शेंगा शेजारी पोचव. मग फांदी भिंतीपलीकडे गेली तरी कुणी बोलत नाही.

एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आपल्या आवारातलं असलं तरी. तेव्हा आंबा, फणस लावायचा असेल तर आज काडीएवढं रोप बघू नकोस, वीस वर्षांनंतरचा बुंधा बघ. ड्रेनेजच्या पाइपाजवळ आणि भिंतीला चिकटून काही मोठं नको.

आता पालापाचोळा. तुमच्या सोसायटीचे माळीकाका रोज सकाळी झाडून पोती भरतात आणि ती पोती कचऱ्याच्या गाडीत जातात, नाहीतर कोपऱ्यात पेटवली जातात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला, तिथल्या लोकांनी त्या वासात दिवस काढले, आंदोलनं केली. आपल्या अंगणाच्या इतक्या जवळ. तेव्हा ती पोती तू मागून घे. माळीकाका तर खूशच होतील. अदिती देवधर यांनी पुण्यात २०१६ मध्ये 'ब्राउन लीफ' सुरू केलं ते याचसाठी, ज्याच्याकडे पानं जास्त झाली त्याने ज्याला हवी त्याला द्यायची. झाडांच्या बुडाशी वीतभर जाड थर घाल, खोडापासून चार बोटं सोडून. उन्हाळ्यात त्या थराखाली हात घालून बघ, वरची जमीन चटके देत असते आणि आत ओल असते. टँकरचे पैसे इथे वाचतात. पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज झाडांना घालू नकोस, त्यात क्षार साठलेले असतात. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी हक्काने घाल.

श्री. अ. दाभोलकरांचं नाव ऐकलंयस का? गणिताचे प्राध्यापक होते, पण 'प्रयोग परिवार' उभा करून शेतकऱ्यांना स्वतःच प्रयोग करायला शिकवलं. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर घे. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं नीट भागू शकतं असं त्यांनी मांडलं. त्यांच्या सांगण्यातला मला पटलेला गाभा असा की ऊन हेच भांडवल आहे आणि पान हा ते साठवणारा कारखाना. म्हणून उघडी जमीन म्हणजे तोटा. कुठेही ढेकळं दिसली की तिथे मूग, चवळी, मेथी, धणे, जे डब्यात जुनं झालं असेल ते विस्कटून टाक. उगवलं, हातभर झालं की कापून तिथेच जमिनीवर अंथर. माती काळी होताना डोळ्यांना दिसते.

गच्चीचं विचारलं होतंस. गच्चीवर मातीचे वाफे अजिबात नकोत. भिजलेल्या मातीचा एक फूट थर दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतो, आणि गच्ची बांधलेली असते साधारण दीडशे किलोच्या हिशेबाने. त्यापेक्षा रस्त्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आण, तो माणूस फुकट देतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर अशा चिपाडांवरच बाग पिकवली होती. बारीक तुकडे कर, दोन दिवस पाण्यात भिजवून गोडवा काढून टाक, नाहीतर मुंग्या तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतील. मग चिपाडं, वाळकी पानं, ओला कचरा, थोडं शेण, वर चार बोटं माती. वजन हलकं आणि मुळं खूश. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नकोस, पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच होतात.

सोसायटीने एकत्र गांडूळखत केलं तर महापालिकेच्या हद्दीत मिळकतकरात सवलत मिळते. गांडूळखत, सौरऊर्जा, पाऊसपाणी साठवण यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के, सर्वसाधारण करावर. हे वाक्य मीटिंगमध्ये आधी बोल. कमिटीतल्या पुरुषांना निसर्गापेक्षा टक्के लवकर कळतात.

बी कुठून आणायचं? पाकीट दुकानात मिळतं, पण आधी तुझ्या सासूबाईंना विचार. त्या बार्शीकडच्या ना? अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून कशी करतात, हादग्याची फुलं कधी खुडायची, हे त्यांना माहीत असणार. तांदुळजा, घोळ, चाकवत, राजगिरा या भाज्यांना कुणी लाडावत नाही, त्या आपल्या आपण उगवतात आणि दुसऱ्या वर्षी स्वतःचं बी स्वतः सांडतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे अशाच गावरान बियांच्या जोरावर २०२० मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचल्या. त्यांच्या मागे उभी राहिलेली बाएफ संस्था मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये आपल्याच रस्त्यावर, उरुळी कांचनला सुरू केली होती. सासूबाईंना या कामात घेतलंस की आणखी एक गोष्ट होईल, ती मी इथे लिहीत नाही, तुला कळलं असेल.

वांगं लावायचंच असेल तर मांजरी गोटा लाव, पण दुसऱ्या वर्षी, लिंबाजवळची माती तयार झाल्यावर. वांग्याचा एखादा शेंडा भर सकाळी मान टाकून लोंबताना दिसला तर पाणी कमी पडलं असं समजू नकोस. शेंडा चिरून बघ, आत गुलाबीसर अळी बसलेली असते. चार बोटं खालून कापून पिशवीत बांधून टाकायचा. रोज एक फेरी मारलीस तर फवाऱ्याची गरज पडत नाही. लिंबाच्या कोवळ्या पानांवर मात्र पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडल्या तर दोन-चार राहू देत, त्यांची फुलपाखरं होतात आणि मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही.

अंजीर तुला फार हवंय हे माहीत आहे मला. पुरंदरला जे जमतं ते इथेही जमेल, पण पावसाळ्यात पानांवर तांबेरा पडतो आणि फळ पिकलं की पाखरं तुझ्या आधी उठतात. जाळी लावायची तयारी असेल तरच.

तर मनू, मे संपायच्या आत राडारोडा काढून खड्डे उन्हात तापू दे. दोन पाऊस झाले, जमीन निवली की शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि पपईची तीन रोपं लाव. तीन एवढ्यासाठी की साध्या पपईत नर निघाला तर फळ धरत नाही. मोरीच्या पाण्यावर केळीचा एक मुनवा आणि अळूचे चार कंद. यंदा एवढंच. अंजिराचं पुढच्या वर्षी बघू, आणि स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला जाऊन खा.